मेणाची फळी आणि मधली भिंत

मी, अफिया बिरागो, दिवंगत सोनार क्वामे द्वोमो यांची मुलगी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा दागिन्यांची घडण, राहणार बंतामा, कुमासी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, हात थंड आहेत आणि केसाएवढी मेणाची तार मला अजून चष्म्याशिवाय दिसते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. क्वाकू बादू ते आणायचा प्रयत्न आयुष्यभर करतो आहे, पण त्याला विचारतो कोण!

या बादूचे नाव पुढे वारंवार येणार, म्हणून आत्ताच सांगते. तो माझ्या आत्याचा मुलगा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आमच्यात वारसा आईच्या कुळातून उतरतो, त्यामुळे वडिलांचा गाळा, भट्टी आणि तराजू त्यांच्या भाच्याला, म्हणजे बादूला गेले. मला, पोटच्या मुलीला, नाही. रीतीबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझे म्हणणे बादूबद्दल आहे.

वडिलांनी जाण्यापूर्वी एकच वस्तू स्वतःच्या हाताने मला दिली. ती म्हणजे मेणाच्या तारा वळायची लाकडी फळी. आमच्याकडे दागिना आधी मेणात घडतो. त्यावर माती चढते, तिला सोन्याचे तुकडे घातलेली मातीचीच वाटी जोडून सगळा एकच गोळा करतात आणि तो भट्टीत घालतात. आत मेण जळते, सोने वितळते, आणि नेमक्या क्षणी चिमट्याने गोळा पालटला की सोने मेणाच्या जागी उतरते. शेवटी गोळा फोडायचा. पालटणे हे पुरुषाचे काम, असे सगळे मानतात. मेण मात्र कोणीही वळावे, फक्त हात थंड हवेत. बादूचे हात तव्यासारखे. त्याने मेण हातात घेतले की दोन मिनिटांत त्याची आमटी होते. म्हणून फळी मला मिळाली आणि तेव्हापासून त्याच्या पोटात दुखते. "भट्टी माझी, तर फळीही माझीच," हे तो अजूनही ज्याला त्याला सांगत असतो, परवा तर पोस्टमनलाही धरून सांगत होता.

पुढे गाळ्याचा रस्त्याकडचा अर्धा भाग मी कुळाच्या वडीलधाऱ्यांच्या संमतीने विकत घेतला. त्याच आठवड्यात बादूने मध्ये भिंत घातली. मग त्याच्या लक्षात आले की मेण इकडे आणि भट्टी तिकडे. तेव्हा गुपचूप गवंड्याला परत बोलावून भिंतीला एक खिडकी पाडली. त्या खिडकीतून मी गोळे आत द्यायचे आणि त्याने दागिने बाहेर. आमचा सगळा संसार, म्हणजे धंद्याचा, त्या खिडकीतून झाला.

आता मिळकतीकडे वळते.

एक. सोन्याच्या शेंगांचा हार माझी मुलगी डॉ. अबेना न्यार्को हिला द्यावा. ती अक्रा शहरात दातांची डॉक्टर आहे. पहिली शेंग, भुईमुगाची, मी लहानपणी आईने सूपासाठी काढलेल्या शेंगांतून पळवून तशीच मातीत घातली होती. वडिलांनी गोळा फोडला तर आत सोन्याची शेंग, वरच्या खळग्यांसकट! ते खूप हसले आणि म्हणाले, "पोरी, याचं सूप कोण पिणार?" पुढे राणीमातेच्या गळ्यापर्यंत त्या शेंगा गेल्या आणि माझे नाव झाले. अबेना, हा हार घालत जा. कपाटात ठेवलास तर मी स्वप्नात येऊन दात दुखवीन.

दोन. माझे दिवंगत पती यांनी लग्नाआधी माझ्याकडून करून घेतलेली बांगडी माझ्या नातीला द्यावी. बांगडी कोणासाठी, असे विचारल्यावर ते म्हणाले होते, "माप तुझंच घे, जवळपास तेवढंच आहे." फार लाजरे होते. मला त्यांची रोज आठवण येते.

तीन. अक्रातल्या एका प्रदर्शनात मिळालेले मानपत्र भट्टी पेटवायला वापरावे. त्यावर माझी ओळख 'श्री. बादू यांच्या सहायक' अशी छापली आहे. बादूने ते आठ दिवस खिडकीतून मोठमोठ्याने वाचून दाखवले.

चार. अंत्यविधी साधा असावा. मला महिनोन्महिने बर्फात ठेवू नये, मी काही मासळी नाही. पोस्टरवर आजचाच फोटो छापावा. तरुणपणीचा छापला तर लोक चुकीच्या बाईला रडून जातील. मांडवाखाली मला निजवाल तेव्हा अंगावर हवे तेवढे दागिने घाला, मी नाही म्हणणार नाही. पण शवपेटी बंद करण्यापूर्वी सगळे उतरवून घ्या आणि तेव्हा माझ्या मावसबहिणींवर नजर ठेवा.

पाच. आता मुख्य गोष्ट. माझा अर्धा गाळा, सगळे नमुने आणि मेणाचे सामान मी सेरवा हिला देते. सेरवा बादूच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीची मुलगी, म्हणजे त्याच्याच कुळातली. भट्टीवर उद्या तिचाही हक्क पोहोचतो. बादूला मात्र भट्टी त्याच्या एका भाच्याला द्यायची आहे. तो भाचा मोबाइलची कव्हरे विकतो आणि भट्टीच्या जागी काचेचे कपाट ठेवणार असल्याचे आत्ताच सांगत फिरतो. तसे झाले तर वडिलांच्या कामाचा शेवट झाला. नुसते मेण वळून दागिना होत नाही.

सेरवाने मागच्या वर्षी त्याला विचारले होते. मी खिडकीशीच होते.

"आजोबा, एकदा मला पालटू द्या ना."

"वेडी का तू? बाई भट्टीशी आली की सोनं रुसतं."

"आणि बाईच्या गळ्यात आलं की हसतं का?"

"आगाऊपणा पुरे! हे तुला त्या बिरागोनं शिकवलं."

मी शिकवले नव्हते, पण ऐकून फार बरे वाटले.

तर बादू, आता नीट ऐक, वकीलसाहेब तुला हे मोठ्याने वाचून दाखवत असतील. तू मांपोंगला अंत्यविधीला गेला होतास, तेव्हा किल्ली माझ्याकडे ठेवून गेला होतास. सेरवाने त्या दिवशी एक गोळा एकटीने पालटला आणि तुझ्या गोळ्यांच्या रांगेत ठेवून दिला. परत आल्यावर तूच तो फोडलास. आतून मगरीची अंगठी निघाली, एकही छिद्र नसलेली. तू ती खिडकीतून माझ्या नाकासमोर नाचवलीस आणि म्हणालास, "बघ बिरागो, याला म्हणतात हात!" खरे आहे. मीही तेच म्हणते. हात तिचा होता आणि सोने काही रुसले नव्हते.

सहा. वडिलांची फळी मी क्वाकू बादू यास देते. हो, बादूलाच. अट अशी की माझ्या चाळिसाव्या दिवसाच्या आत त्याने मधली भिंत स्वतःच्या हाताने पाडावी, सेरवाला सर्वांदेखत भट्टीवर गोळा पालटू द्यावा आणि भट्टी तिच्याकडे जावी असे कुळाच्या वडीलधाऱ्यांपुढे बोलावे. हे न केल्यास फळी अबेनाला जाईल. अबेना ती चौकटीत बसवून दवाखान्याच्या भिंतीवर लावणार आहे, आणि लोक तोंड उघडून त्या फळीकडे बघत बसतील. काय ते तू ठरव.

सात. बादू रोज सकाळी भट्टी पेटवण्याआधी खिडकीतून ओरडतो, "मेलीस का गं?" आणि मी ओरडते, "तुझ्याआधी नाही!" त्यानंतरच आम्ही दोघे कामाला बसतो. मी गेल्यावरही तो दुसऱ्या दिवशी ओरडणार, मला त्याची सवय माहीत आहे. त्या सकाळी खिडकी मुकी राहता कामा नये. सेरवाने तिथे उभे राहून त्याला सांगावे, "आजी म्हणाली, माफ कर, शब्द पाळता आला नाही." मग त्याला बसायला स्टूल द्यावे आणि गरम लापशी द्यावी. साखर जास्त घालावी. डॉक्टरांना सांगू नये.

आठ. माझ्याआधी बादूच गेला, जे मला चिडवायला तो करूही शकतो, तर फळी सेरवाला द्यावी आणि भिंत तिने पाडावी.

हे सगळे वकील श्री. अमोआ यांनी मला वाचून दाखवले. बादूविषयीचे बरेचसे काढून टाकावे, असे त्यांनी सुचवले. मी नकार दिला.

साक्षीदारांबाबत खुलासा: आज सही आहे हे कळल्यापासून बादू नवा अंगरखा घालून खिडकीशी उभा आहे. "जन्माची ओळख आणि साक्षीला मक्याचे उंडे, केंके, विकणारी? माझी सही काय उष्टी आहे?" असे तो मघापासून ओरडतो आहे. तो फार दुखावला आहे आणि त्याने तसेच दुखावलेले राहावे, मी असेपर्यंत त्याला कारण कळू नये. कारण एवढेच की कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

ठिकाण: बंतामा, कुमासी
दिनांक: शुक्रवार, १४ जून २०२४

सही: अफिया बिरागो

आम्हा दोघांच्या समक्ष वरील बाईंनी शुद्धीवर असताना, हसत हसत सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या:

१. डोर्कस टिवा, केंके विक्रेत्या, बंतामा
२. एबेनेझर क्वार्तेंग, निवृत्त शिक्षक, बंतामा