आवाजासकट

कर्वेनगर, पुणे
१२ फेब्रुवारी २००६

ति. ताईस,
शुभूचा सप्रेम जय भीम. वि. वि.

अण्णांना जाऊन दीड महिना झाला. आईचे गुडघे दुखतात, बाकी ठीक. शेजारच्या नंदाकाकू दुपारी येऊन बसतात.

फोनवर सांगवेना म्हणून लिहितो. लेबलं आणि मिक्सरचे आकार सोडून मी यूजर एक्स्पीरियन्सच्या कामात आलो, ते तुला ठाऊक आहे. दवाखान्यात नावनोंदणीसाठी पडद्याला बोट लावायचं यंत्र आम्ही करतोय. साध्या माणसांना ते वापरायला द्यायचं आणि आपण शेजारी वही घेऊन बसायचं. मदत करायची नाही, हा नियम.

नोव्हेंबरात अशा चाचणीला बोलावलेला एकजण आला नाही, म्हणून मी अण्णांना नेलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. स्वारगेट डेपोत तीस वर्षं गाड्यांच्या पाट्या रंगवलेला माणूस, पडद्यासमोर अकरा मिनिटं अडला. दोनदा त्यांनी मला विचारलं, की आता काय करू. मी परक्यासारखं म्हणालो, तुम्हाला काय वाटतं? परतताना स्कूटरवर ते बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. पुढच्या महिन्यात ते गेले.

त्याचं चित्रीकरण आहे. साहेबांना ते २३ तारखेला गिऱ्हाइकाला दाखवायचंय, कारण यंत्राची खोट त्यात सर्वांत स्पष्ट दिसते. त्यात दिसणारे गृहस्थ माझे कोण, हे मी साहेबांना सांगितलेलं नाही. माझा आवाज काढून टाकतो, एवढं म्हणालो. दाखवू का? तू नको म्हणालीस तर नकार देईन.

माझ्यावरची माया कमी करू नकोस.
तुझा
शुभंकर

नागपूर
१६ फेब्रुवारी २००६

चि. शुभूस अनेक आशीर्वाद.

पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढच्या तासाला मुलांना नुसतं शुद्धलेखन दिलं.

तुझं हे नवीन काम मला आजवर कळलंच नव्हतं. लेबलं काढायचास तेव्हा निदान बाटली तरी दाखवायचास. आता कळलं, लोक चुकताना गप्प बसायचं. ते तुला लहानपणापासून जमतं, पगार आत्ता मिळायला लागला.

मी रागावले आहे. अण्णा मला फोनवर एवढंच म्हणाले होते, की शुभूच्या ऑफिसात गेलो होतो, खुर्ची फार छान होती.

परवानगी माझ्याकडे कसली मागतोस? मी इतक्या लांब, माझा होकार सोपा. आईला दाखव, ती ठरवेल.

गुडघ्यांसाठी तेल पाठवते आहे. तिला जप, स्वतःलाही.
तुझी
आम्रपालीताई

कर्वेनगर, पुणे
२२ फेब्रुवारी २००६

ति. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तेल मिळालं. काल आईला सीडी लावून दाखवली. अण्णा दिसताच तिनं खुर्ची पुढे ओढली. ते अडले तशी ती टीव्हीशीच बोलू लागली. म्हणाली, अहो, शुभू शेजारीच बसलाय, त्याला विचारा की. त्यांनी विचारलं. मग माझं उत्तर ऐकू आलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं.

मी नियमाचं सांगितलं. हे पाहून यंत्र सुधारतील का, असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो. माझा आवाज काढणार आहे, हेही सांगितलं. तर म्हणाली, दाखव, पण आवाज काढू नकोस, नाहीतर लोकांना वाटेल, हे एकटेच बडबडत होते.

उद्या आवाजासकट दाखवतोय. ते माझे वडील, हे सुरुवातीलाच सांगेन.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझा
शुभंकर