शिंकेच्या आत पान

मास्तर,

तुम्ही मेलात त्याला बरीच वर्षं झाली. ‘वारलात’ असं लिहायला हवं, हे मला ठाऊक आहे. शुद्ध मराठीचे वळ तुम्हीच माझ्या पाठीवर उमटवले होते. पण हे पत्र कुठे जायचंच नाही, तेव्हा निदान एका शब्दाची चैन मी करून घेतो. काल आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत एक गृहस्थ आले होते. त्यांनी आणलेला लांबलचक लेख मी त्यांच्यासमोरच डोळ्यांखालून घातला आणि त्यातला पोकळ भाग कुठे सुरू होतो ते त्यांना दाखवलं. ते चकित झाले. म्हणाले, “इतकं भराभर वाचता आणि तरी सगळं ध्यानात राहतं! कोणी शिकवलं हो तुम्हाला?” मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली. विनोदावरच माझं पोट चालतं. पण घरी येऊन पाटावर बसलो आणि तुम्ही आठवलात. मग भाकरी गोड लागली नाही.

धानोऱ्याची आपली शाळा म्हणजे एक लांब खोली, पुढे शेणानं सारवलेला ओटा आणि मधोमध तुमची खुर्ची. तुम्ही देशावरून बदली होऊन आलेले. कुठल्या पापाची ही शिक्षा, असा चेहरा करून तुम्ही त्या खुर्चीत बसायचात. शाळेला घड्याळ नव्हतं. तुमच्याकडे तपकिरीची डबी होती. आमचं वाचन तुम्ही तिच्यावर मोजायचात. मुलगा पुस्तक उघडून उभा राहिला की तुम्ही चिमूट तळहातावर घ्यायचात, अंगठ्यानं मळायचात, आधी डावी नाकपुडी, मग उजवी, मग डोळे मिटून मान वर. शिंक यायच्या आत पान संपलं पाहिजे. संपलं तर “शाबास”, आणि शिंक आधी आली तर छडी. आजही बाजारात कोणी तपकीर ओढताना दिसला की मी नकळत दुकानाच्या पाट्या भराभर वाचायला लागतो. हे तुमचं माझ्यावरचं कर्तृत्व.

माझं पान कधीच संपायचं नाही. कारण तुम्ही कधी ऐकून घेतलं नाहीत, म्हणून आज सांगतो. घरी आम्ही अहिराणी बोलायचो, रानात अहिराणी, भांडायचोसुद्धा अहिराणीतच. पुस्तक मात्र कुठल्या तरी परक्या गावचं, सोवळं नेसून बोलणारं. त्यातलं एकेक वाक्य मी मनात आधी आपल्या बोलीत करून घ्यायचो. ते तिथे नीट बसलं की मगच पुढे जायचो. न समजलेलं वाक्य मागे टाकून जायचं म्हणजे बाजारातून येताना धाकट्या भावाला तिथेच विसरून आल्यासारखं वाटायचं. म्हणून मी थांबायचो. मी उभा राहिलो की तुम्ही वर्गाला सांगायचात, “आली रे बैलगाडी, वाट द्या.” पोरं खदखदायची. एकदा तुम्ही विचारलंतही, “मध्येच काय रवंथ करतोस?” मी म्हणालो, “समजून घेतो, मास्तर.” त्यावर तुम्ही जे बोललात ते मी जन्मभर जपून ठेवलं आहे. तुम्ही म्हणालात, “समजायचं काम डिपोटी साहेबांचं. तुझं काम वाचायचं.” शिक्षणखात्याचं सगळं धोरण इतक्या थोडक्यात नंतर कोणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही.

मला काय व्हायचं होतं, तेही तुम्हाला माहीत नव्हतं. मला मास्तर व्हायचं होतं. हसू नका. चौथी पास व्हायची, पुढे नंदुरबारला शिकायचं, मास्तरकीची फायनल परीक्षा द्यायची आणि एखाद्या गावी अशाच खुर्चीत बसायचं, पण तपकिरीशिवाय. वडिलांनी कबूल केलं होतं. “पास व्हयना ते शिक,” एवढंच ते म्हणाले होते. त्यांच्यासारख्या, दिवसाला चार शब्द खर्च करणाऱ्या माणसाकडून ते मोठंच वचन होतं.

मग शाळा तपासायला डिपोटी आले. ओटा नव्यानं सारवला होता, आंब्याच्या पानांचं तोरण होतं आणि साहेबांच्या अंगावर तुमच्या घरच्या बासुंदीची सुस्ती होती. तुमचा लाडका विद्यार्थी पहिला उभा राहिला. त्यानं पान असं पळवलं, की तपकीर अजून तुमच्या चिमटीतच होती. साहेबांनी त्याच्या हातातलं पुस्तक मिटलं आणि विचारलं, “काय वाचलंस?” तो बिचारा मिटल्या पुस्तकासमोर पुढचं पान म्हणायला लागला. ते संपलं, त्याच्या पुढचं लागलं. साहेब “पुरे, पुरे” म्हणतात आणि हा थांबत नाही. थांबायचं कसं, हे तुम्ही त्याला शिकवलंच नव्हतं ना! दुसरा तसाच, तिसरा तसाच. साहेबांच्या कपाळावर आठी चढली आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

धडा समुद्राचा होता. आमच्यापैकी कोणी तापीच्या पलीकडे फारसं पाणी पाहिलेलं नव्हतं. मी माझ्या चालीनं, थांबत थांबत, वाचला. साहेबांनी पुस्तक मिटलं. “आता सांग, काय वाचलंस?” माझ्या मनात सगळं तयार होतं, पण ज्या बोलीत होतं त्याच बोलीत ते तोंडातून बाहेर आलं. मी म्हणालो, “समिंदरनं पानी दिनमा दोनदाव वर चढस आनि मांगे सरकस. चांद त्याले वढस.” साहेब तुमच्याकडे वळले आणि सरळ मनानं विचारलं, “हा काय म्हणतोय? याला समजलंय का?”

मास्तर, तो क्षण मी अजून उलटून पालटून बघतो. तुम्हाला अहिराणी येत होती. भाजीवालीशी तुम्ही अहिराणीत घासाघीस करायचात, आम्हाला शिव्याही अस्सल अहिराणीत द्यायचात, आणि त्या वेळी तुमचा उच्चार निर्दोष असायचा. “होय साहेब, समजलंय,” इतकंच म्हणायचं होतं. पण मग साहेबांनी विचारलं असतं, की या बैलगाडीला समजलं तर तुमच्या घोड्यांना का नाही? तुम्ही धोतराचा सोगा सावरलात आणि म्हणालात, “मला ही बोली कळत नाही, साहेब. इकडची पोरं अशीच रानटी आहेत.” साहेबांनी मला नापास केलं. तुमचे घोडे पास झाले, कारण निदान त्यांची भाषा तरी शुद्ध होती.

वडिलांना निकाल सांगितला. ते थोडा वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, “आते बस व्हयनं.” पुढच्या आठवड्यात मी नंदुरबारच्या कापसाच्या जीनमध्ये सरकीच्या ढिगाशी उभा होतो. नाकात रुई, भुवयांवर रुई, कानात यंत्राचा खडखडाट. मी मास्तर होता होता सरकी उपसणारा झालो, आणि हा बदल तुम्ही एका वाक्यात केलात.

पण खरी मजा पुढेच आहे, आणि ती तुम्हाला सांगायची म्हणूनच हा कागद खर्ची घालतो आहे. हंगामात जीनच्या दारापुढे कापसाच्या गाड्यांची लांब रांग लागायची. तळोद्याकडच्या, ब्राह्मणपुरीच्या, आपल्या धानोऱ्याच्या. वजनकाट्यावर गाडी चढेपर्यंत गाडीवान जुवाला टेकून बसलेले असायचे. जीनचे कारकून आपलं वाचून झालेलं वर्तमानपत्र खिडकीतून बाहेर टाकायचे. एकदा ते माझ्या हातात दिसलं आणि एक म्हातारा गाडीवान म्हणाला, “वाच ना भो, काय लिखेल शे?” मी वाचायला लागलो. दोन ओळी ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “हाई ते सरकारी बोलनं व्हयनं. आते आपली बोलीमा सांग.” मास्तर, जी खोड तुम्ही छडीनं काढायला निघाला होतात, तिलाच मागणी आली होती!

तिथे मी वाचायला शिकलो. डोळ्यांनी पुस्तकी मराठी घ्यायची आणि तोंडानं अहिराणी द्यायची, तर दोघांना एका जागी राहून चालत नाही. तोंड मागच्या वाक्यावर असताना डोळे पुढच्या वाक्याच्या टोकाला जाऊन आलेले असावे लागतात. एकेका शब्दाला लोंबकळत बसलं तर तोंड रिकामं पडतं. मग मी आधी वाक्याचा शेवट गाठायला लागलो, कोणी काय केलं तेवढं उचलायचं आणि मधल्या सजावटीवरून हात फिरवून पुढे जायचं. आणि चुकायची सोय नव्हती. तुमच्या वर्गात कोणी प्रश्न विचारत नसे, इथे एका वाक्याला तीन प्रश्न यायचे. “कोन म्हनस आसं?” “का बरं?” “मंग कपाशीना भाव चढी का उतरी, ते पहिले सांग!” ज्याची गाडी पुढे सरकायची तो ओरडायचा, “आटप भो, मन्हा नंबर उना!” म्हणजे घाई इथेही होतीच. फरक एवढाच, की इथे गाडी काट्यावर चढायच्या आत त्याला बातमी समजलेली लागायची. नुसती कानावरून गेलेली चालायची नाही. दोनतीन हंगामांत मी अख्खं वर्तमानपत्र असं खायला लागलो, की तुमची शिंक अर्ध्यात अडकली असती.

आणि मग एके दिवशी तुम्हीच आलात. पेन्शनीत निघालेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. वर्तमानपत्र टाकणारे नवे कारकून तुमचे जावई निघाले. लेकीकडे राहायला आला होतात आणि काठी टेकत आवाजाच्या रोखानं गाड्यांपाशी आलात. मी आधी ओळखलं नाही. मग तुम्ही डबी काढलीत. चिमूट, तळहात, अंगठा, आधी डावी नाकपुडी. माझ्या हातात वर्तमानपत्र होतं आणि अंगात धानोरा संचारला.

मी तुमच्या पद्धतीनं वाचलं, मास्तर. शुद्ध, खणखणीत, पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, लढाईची बातमी कापसाच्या भावात घुसली आणि भाव एका सभेच्या वृत्तांतात. घोडा तोंडातून फेस काढत धावला. शिंक यायच्या आत मी पान संपवलं! गाडीवान आ वासून बघत होते. “का रे भो, तुन्हा मांगे कुत्रं लागेल शे का?” एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, “आज याले काय व्हयनं?” मी कोणाकडे बघितलं नाही, मी तुमच्याकडेच बघत होतो. तुम्ही शिंकलात, नाक पुसलंत, गोंधळल्यासारखा चेहरा माझ्या बाजूला वळवलात आणि म्हणालात, “काही समजनं नही, भाऊ. आपली बोलीमा सांग ना.”

आपली बोली! जी बोली तुम्हाला कळत नव्हती, तीच आता तुमची झाली होती. मी काय करायला हवं होतं? “समजायचं काम डिपोटी साहेबांचं” हे वाक्य ओठांवर आलेलं होतं. पण गाडीवान ताटकळले होते, त्यांनी तुमच्यासाठी का उपाशी राहावं? मी पुन्हा पहिल्यापासून सगळं अहिराणीत सांगितलं. तुम्ही मान हलवत ऐकलंत. मग रोज यायला लागलात. गाडीवान तुम्हाला जुवाजवळ पोतं टाकून द्यायचे आणि म्हणायचे, “बठा, मास्तर.” मी रोज वाचत होतो आणि रोज ठरवत होतो, की आज नाव सांगायचं.

हंगाम संपत आला तेव्हा तुम्हीच विचारलंत. “भाऊ, तू इतलं बेस वाचस. कोनता मास्तरनी शिकाडं तुले?” याच प्रश्नाची वाट बघत मी इतकी वर्षं सरकी उपसली होती. नाव सांगून तुम्हाला शरमिंदं करता आलं असतं. पण मला त्याहून चांगलं सुचलं. तुम्ही मला साहेबांपुढे नाकारलं होतंत, मी तुम्हाला गाडीवानांपुढे नाकारलं. म्हणालो, “कोनीच नही, बाबा. मी शाळामा गयाच नही.” समजून वाचणारा तुमचा एकुलता एक विद्यार्थी मी तुमच्या हातातून काढून घेतला. तुम्ही जरा वेळ डबीच्या झाकणाची उघडझाप करत बसलात. मग म्हणालात, “वाटनंच मले. शाळामा गया व्हतास ते आसं वाचता नही येतं.” आणि काठी टेकत निघून गेलात.

तुम्ही मला ओळखलं होतं का? जावयानं माझं नाव सांगितलं होतं, की माझा आवाज अजून त्याच ठिकाणी थांबतो हे तुम्हाला कळलं होतं? की एक आंधळा म्हातारा सहज बोलून गेला? मला आजवर ठरवता आलेलं नाही. ओळखून बोलला असाल तर तुम्ही माफीच मागितलीत, आणि मला ती नको होती. न ओळखता बोलला असाल तर माझा घाव तुम्हाला लागलाच नाही. दोन्हीकडून माझा सूड तुम्ही अर्धाच ठेवलात. पुढे मी या साप्ताहिकात आलो आणि तुमच्या मरणाची बातमी छापायला आली. जावयानं ‘विद्यार्थिप्रिय शिक्षक’ असं लिहून दिलं होतं. पहिला शब्द मी काढून टाकला. जावई विचारायला आले तेव्हा छापखान्यातल्या जुळाऱ्याची चूक म्हणून सांगितलं. तेवढ्यानं काही दिवस बरं वाटलं.

माफ केलेलं नाही, हे स्पष्ट असू द्या. फक्त एक गोष्ट कबूल करतो. हे सगळं पत्र मी आधी मनात अहिराणीत म्हटलं आणि मग तुमच्या भाषेत उतरवलं, एकेक वाक्य नीट बसल्यावर पुढचं. जागोजाग थांबलो. तुम्ही समोर असतात, तर हे पहिलं पान संपायच्या आत शिंकला असतात.