लेवीय अकरा, वचन सात, आणि आत्याची डुकरे

घडले ते असे :

१. गेल्या वर्षी सप्टेंबरात क्रुखोवा वोलाच्या ग्रामपरिषदेने ठराव केला की, हे गाव पवित्र शास्त्रातील कुटुंबनीतीप्रमाणे चालेल. परिषदेची अध्यक्ष माझी आत्या, गेनोवेफा. तिने शास्त्रातल्या लेवीय पुस्तकातून समलिंगी संबंध निषिद्ध ठरवणारे वचन वाचून दाखवले. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

२. एक नोव्हेंबरला, म्हणजे सर्व संतांच्या दिवशी, सगळे आपापल्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात; माझी जोडीदार लिडिया हिने माझ्या आईवडिलांच्या थडग्यावर लावली. अख्खे गाव तिथे होते. आत्याने मेणबत्ती उचलली आणि दफनभूमीच्या फाटकाबाहेर, कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली. जळतीच.

३. या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात गाठ निघाली.

४. इस्पितळाच्या व्हरांड्यात आत्याने लिडियाला विचारले, "तू कोण गं हिची? बोग्नाला काही झालं तर विर्विचांच्या थडग्यात विर्विचच जाणार. तू आपलं सामान बांधायला लाग."

लिडिया म्हणाली, "बांधते, काकू. आधी तुमची डुकरं कुणाच्या जमिनीवर लोळतात ते बघून येते."

मी, बोग्ना विर्विच, वय तेहतीस, व्यवसायाने भूमापक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गाठ डाव्या कानामागे आहे; बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण तो माझा स्वतःचा आहे.

घर, त्यातील सर्व सामान आणि मागची सफरचंदाची झाडे लिडिया ओसोव्स्का हिला. ती नऊ वर्षे या घरात राहते. सरकारच्या लेखी ती माझी कोणी नाही, म्हणून परक्या माणसाला लागतो तो वारसाकर तिला भरावा लागेल. मी तिचे नाव इथे पूर्ण लिहिले आहे, ते यासाठी की निदान एका कागदावर ते माझ्या नावाजवळ असावे.

मोजणीची उपकरणे जिल्ह्याच्या तंत्रशाळेला.

वडिलांचा मासे धरायचा गळ आत्याच्या यजमानांना, झेनोनकाकांना. इस्पितळात कोटाच्या खिशातून घरचे सॉसेज त्यांनीच आणले. "आत्याला बोलू नकोस हं पोरी," म्हणाले, "आज शुक्रवार आहे, मांसाचा उपास." आमच्या घराण्यात उपास मोडण्याइतका धीर तेवढ्या एकाच माणसात आहे.

ग्रामपरिषदेला राज्यघटनेची एक प्रत, चौकटीसह. सभागृहातला क्रूस काढू नये. माझ्या आईने आयुष्यभर शास्त्र वाचले आणि ते कोणाच्या अंगावर फेकले नाही. प्रत क्रूसाशेजारी लावावी. भिंतीवर जागा आहे. मी मोजली आहे.

आता ओढ्याकाठची जमीन. ती वडिलांकडून माझ्याकडे आली. आत्याची डुकरांची शेड आणि मांस धुरावण्याची खोली तिच्यावरच उभी आहे. वडिलांनी बहीण म्हणून वापरू दिली, मी आत्या म्हणून. तिथे बनणारी सॉसेजे वाटून आत्या निवडणुका जिंकते, हे मतदारांना ठाऊक आहे.

आत्याने वाचलेले वचन मी नंतर उघडून पाहिले. ते पुरुषांविषयी आहे. बायकांचे त्यात नावही नाही. शास्त्रातल्याच पौलाच्या एका पत्रात आमच्यासारख्या बायकांविषयी ओळ सापडते, पण ती तिने शोधली नाही आणि मी शोधून देणार नाही. त्याच लेवीय पुस्तकात, अध्याय अकरा, वचन सात : डुक्कर तुम्हांला अशुद्ध. फादर म्हणतील, तो नियम जुना, आता लागू नाही. मग कोणता नियम जुना आणि कोणता चालू, हे आत्याने हात वर करवून ठरवले, एवढेच मला नोंदवायचे आहे.

म्हणून ही अट. थडग्याचा हक्क आत्याच्या नावावर आहे. मला आईशेजारी पुरू द्यावे, लिडियाला अंत्यविधी करू द्यावा आणि दगडावर माझ्या नावाखाली तिचे नाव ती जिवंत असतानाच कोरू द्यावे, जसे इथे मागे राहिलेल्या प्रत्येक नवऱ्याचे आणि बायकोचे कोरतात. आत्याने तशी सही दिली तर माझ्यामागे जमीन आत्याची, डुकरांसकट.

सही दिली नाही तर जमीन लिडियाची. मग तिथे लेवीय अकरा, सात अक्षरशः पाळले जावे. शेड पाडावी, धुराडे आधी. येत्या ईस्टरला खाण्याच्या टोपल्या चर्चमध्ये आशीर्वादाला नेताना आत्याच्या टोपलीत सॉसेज का नाही, असे कोणी विचारले तर तिने ठराव वाचून दाखवावा.

स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथल्या कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

सही : बोग्ना विर्विच

साक्षीदार : ओतिलिया प्शेनिच्ना, टपालवाली. (मेणबत्ती फाटकातून परत आत नेणारी हीच.)
क्सावेरी ल्गोत्स्की, थडग्यांवर नावे कोरणारा. (दुसऱ्या नावापुरती जागा त्याने पाहून ठेवली आहे.)

क्रुखोवा वोला, ४ ऑक्टोबर २०२१

गेनोवेफाआत्या, ही नक्कल तुझ्यासाठी. माझी शस्त्रक्रिया नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, आणि त्याआधी मेणबत्त्यांचा दिवस येतो. लिडिया यंदाही येणार आहे. तुझे उत्तर ३१ ऑक्टोबरपर्यंत ओतिलियाच्या हाती लेखी द्यावे. होय किंवा नाही एवढेच लिही. शास्त्राचा आधार नको.