काज डावीकडे, बटणं उजवीकडे

२५ एप्रिल, शुक्रवार

कंपनीची शुक्रवारची सुट्टी म्हणजे आराम — असं कोण म्हणतं त्याला माझ्या घरी पाठवा! अख्खी दुपार विरारची दुकानं पालथी घातली. उन्नतीला 'फॉर्मल' हवेत. कॉलेजचा मेसेज आलाय. अकरावीच्या मुलांनी मे महिन्यात दोन आठवडे कुठल्यातरी ऑफिसात काम शिकायचं, पोशाख फॉर्मल. म्हणजे काय तर फिक्का शर्ट, काळी पँट, बंद बूट. मी म्हटलं, निळा पंजाबी ड्रेस आहे, ओढणी नीट पिनअप कर, झालं फॉर्मल. "आई, बालवाडीच्या बाई वाटेन मी!"

बालवाडीच्या बाईंनी हिचं काय घोडं मारलंय कोण जाणे.

पहिल्याच दुकानात शर्ट उलटा करून शिलाई बघितली. टाके इतके लांब की बोट जाईल! दोन धुण्यांत बगलेत उसवणार. तसं दुकानदाराला तोंडावर सांगितलं, तर ही लाल. "आई, प्लीज. सगळे बघतायत." बघू देत की! अकरा वर्षं कंपनीत शर्टच बघतेय मी. नवऱ्याचं तोंड बघितलं नसेल तेवढे शर्ट बघितलेत.

पँट घेतली. बूट घेतले. शर्ट नाही घेतला. शर्ट मी शिवणार.

२८ एप्रिल, सोमवार

उन्नती जाणार ते ऑफिस आमच्या कंपनीचंच आहे. खाली गाळ्यात आम्ही बायका मशीनवर, आणि जिना चढून वर काचेच्या मागे ऑफिस. आम्ही त्याला 'वर' म्हणतो, बस. मीच रॉकी सरांच्या मागे लागले होते — आमचे सुपरवायझर. ते वर जाऊन बोलले. वरच्या मॅडमना मराठी टायपिंग येत नाही, उन्नतीला फटाफट येतं, म्हणून हो म्हणाल्या. माझी मुलगी आहे हे रॉकी सरांनी वर सांगितलं नाही, "ओळखीतली" म्हणाले. चालेल. मी आठवडाभर हवेत होते. माझी लेक वर बसणार!

आज चपात्या लाटत होते तर मागे येऊन उभी राहिली. "आई, एक सांगू? रागावू नकोस. तिकडे मला हाक नको मारू हां. म्हणजे... मी माझी माझी आलेय असं वाटायला हवं ना."

माझी माझी आली म्हणे! चपाती करपली.

बरं, म्हटलं. नाही मारणार हाक.

३० एप्रिल

तीन संध्याकाळ बसून शिवला. पांढरं कापड, बारीक निळी रेघ. कॉलरचं टोक असं बसलंय की शेठच्या शर्टाचं बसत नाही! बटणं अँजेलिनाने दिली. ही माझ्या बाजूच्या मशीनवर बसते, पाचूबंदरहून येते. "घे गो, माज्या जॅक्सनच्या लग्नाच्या शर्टाची उरलीत. पोरगी हापिसात जाते, कोनी नाव नाय ठेवलं पायजे." शिंपल्याची आहेत, सात. उजेडात धरली की रंग दिसतात.

आज नवी ओळखपत्रं वाटली. माझ्या कार्डावर परत 'सरोजनी'! अकरा वर्षं सांगतेय — सरोजिनी, ज ला पहिली वेलांटी! हजेरीच्या वहीत सरोजनी, पगाराच्या चिठ्ठीवर सरोजनी, कार्डावर सरोजनी. एक वेलांटी द्यायला ह्यांच्या बापाचं काय जातं? उन्नती तिसरीत होती तेव्हा तिने पेनाने माझ्या कार्डावर वेलांटी काढली होती. कार्ड खराब केलं म्हणून धपाटा घातला होता तिला. आज उगाच आठवलं.

१ मे

शर्ट घालून बघितला. बटणं लावताना बोटं अडखळत होती तिची. एक लावी, थांबे, परत काढी. म्हटलं, नवीन काज घट्ट असतं, होईल सैल. आरशातून माझ्याकडे बघत राहिली जरा वेळ. "मस्त झालाय, आई." एवढंच.

हे पेपरमधून मान वर करून म्हणाले, "वकिलीणबाई दिसतेय." ह्यांच्या तोंडून कौतुक म्हणजे डोंगर हलला! मी आत जाऊन मीठ-मोहरी काढली. तिला नाही सांगितलं. हसली असती.

५ मे, सोमवार

पहिला दिवस. चंदनसारहून एकाच रिक्षाने निघालो. कंपनीच्या अलीकडच्या नाक्यावर म्हणाली, "आई, मी इथे उतरते. तू हो पुढे."

मी झाले पुढे.

नऊला जिना चढली. ताठ. केस बांधलेले, शर्ट नीट खोचलेला. खरं सांगते, ऊर भरून आला. पण एकदाही खाली बघितलं नाही तिने. अँजेलिना कोपर मारून म्हणाली, "आली गो तुजी राणी!" मी म्हटलं, गप. काम कर.

६ मे

हात तोडून टाकावेत माझे!

अँजेलिना सॅम्पल द्यायला वर गेली होती. खाली आली ती गप्प. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. वरच्या मॅडमनी सगळ्यांसमोर उन्नतीला विचारलं — "क्या बात है, भाईचा शर्ट घालून आलीस?" सगळे हसले म्हणे. मग हळूच म्हणाली, "सरू, तू बटनपट्टी जेंट्सची केली गो."

पुरुषांच्या शर्टाला काज डावीकडे, बटणं उजवीकडे. बायकांच्या शर्टाला उलट. शेंबडं पोर सांगेल गाळ्यातलं! पण अकरा वर्षं काजबटणाला बसलेय मी, आणि आमच्याकडे सगळा माल जेंट्स. हाताला दुसरं येतच नाही. लेकीचा शर्ट शिवताना पण मेले कंपनीचंच काम करत होते.

आणि तिला एक तारखेलाच कळलं होतं! बोटं अडखळत होती ती त्यासाठी. बोलली का नाही? तोंड शिवलं होतं का? दोन दिवस वर हसं करून घेतलं आणि घरी येऊन काय म्हणते, "छान गेला दिवस." माझी कीव केली पोरीने. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

७ मे

म्हटलं, दे, बदलते. बटणं काढून भागत नाही, काज एकदा कापलं की कापलं. अख्खी पट्टी नवीन लावायला हवी. पण लावते.

"राहू दे ना, आई."

तेजस्वीचा टॉप घालून गेली. मैत्रिणीचा उसना चालतो. आईने शिवलेला दाराच्या खिळ्यावर.

९ मे, शुक्रवार

सुट्टी. शर्ट धुतला, इस्त्री केली, परत खिळ्यावर लावला. कोणासाठी ते विचारू नये.

१२ मे, सोमवार

आज जे झालं ते लिहायलाही हात वळत नाही.

दुपारी चारला उन्नती खाली आली. आठवड्यात पहिल्यांदा. हातात कागद, रॉकी सरांना द्यायला. आमच्या रांगेतूनच जावं लागतं. मी मान वर केली. हाक मारली नाही हां! शब्द दिला होता, पाळला. नुसतं बघितलं. आमची नजरानजर झाली — आणि तिने मान फिरवली. चक्क! जणू मी कोणी नाहीच. कागद देऊन जवळजवळ पळत जिना चढली.

बाजूच्या चार बायकांनी बघितलं. लगेच माना खाली घालून मशीन मारायला लागल्या. तेच जास्त लागलं.

नऊ महिने पोटात वाढवलं. ताप आला तेव्हा हिला मांडीवर घेऊन मशीन मारलंय मी. आणि दोन दिवस वर बसली तर आई दिसेना झाली!

रात्री जेवली नाही. ह्यांनी विचारलं, काय काम देतात गं? "टायपिंग." कसलं? "मॅडम म्हणाल्यात ऑफिसचं बाहेर बोलायचं नाही." बघा! ऑफिसचं! आम्ही आता बाहेरचे.

१३ मे

सकाळी डबा भरत होते. म्हणाली, "आई, तू हे काम सोडून घरी शिलाई घेतलीस तर? ब्लाऊज वगैरे. तुला आवडेल का?"

डोकं फिरलं माझं. "का? लाज वाटते माझी? बोल की तोंडाने! आई खाली बसते ती वरून दिसते म्हणून त्रास होतो ना तुला?"

"तसं नाही गं—"

"मग कसं? त्या मशीनवर वाढलीस तू! हा टॉप नाही, ते बूट नाहीत, तू अख्खी त्या काजबटणावर उभी आहेस!"

रडत बाथरूममध्ये गेली, नळ सोडून बसली. हे म्हणाले, सकाळी सकाळी कशाला? मी ह्यांनाही सोडलं नाही.

वेगवेगळ्या रिक्षांनी गेलो.

१४ मे

अबोला. ती नाही, मी नाही.

१५ मे, गुरुवार

सकाळी बघते तर खिळा रिकामा. माझा शर्ट घातला होता तिने. काज डावीकडे, बटणं उजवीकडे, जसाच्या तसा. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

दुपारी डबे उघडले आम्ही, आणि ही जिना उतरून आली. सरळ माझ्याजवळ येऊन फरशीवर मांडी घालून बसली. काळी पँट, ती कडक इस्त्री, आणि खाली कापडाचा कचरा. "आई, भाजी कसली आहे?" — मुद्दाम मोठ्याने. सगळा गाळा ऐकेल एवढ्या. वर मॅडम काचेला येऊन उभ्या. रॉकी सर आपले बुटाच्या टोकाकडे बघतायत.

अँजेलिनाच्या डोळ्यांत पाणी. "बगितलं काय गो?"

आणि मी काय बोलले? "वर एसी आहे ना? इथे घामात कशाला आलीस?"

तिने माझ्याच डब्यातलं खाल्लं. वालाची भाजी तिला अजिबात आवडत नाही, ती पुसून खाल्ली. घंटा होईपर्यंत बसून राहिली, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून.

मी विरघळले नाही. विरघळायचं कशाला? सोमवारी मान फिरवायची आणि आज येऊन माझ्याच डब्यात मला दया वाढायची? नको मला. दयेवर नाही दिवस काढले.

१६ मे, शुक्रवार

सुट्टी. दिवसभर माझ्या मागे मागे. ओट्याशी, बाल्कनीत, नळावर. तोंड उघडते, मिटते. मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

१७ मे, शनिवार

आज तिचा शेवटचा दिवस होता. आणि आमचा जवळजवळ.

संध्याकाळी सुटताना रॉकी सरांनी जिन्याखाली नोटीस चिकटवली आणि मागे न बघता गेले. १ जूनपासून काजबटण विभाग बंद, नवीन ऑटोमॅटिक मशीन येतंय. खाली तेवीस बायकांची नावं. अँजेलिना मोठ्याने वाचत गेली, स्वतःच्या नावाशी थांबली. पुढचं मी वाचलं.

अनुक्रमांक चौदा. सरोजिनी. ज ला पहिली वेलांटी.

अकरा वर्षांत कंपनीच्या कागदावर पहिल्यांदा बरोबर.

नोटीसवरची तारीख बघितली. १२ मे.