चाऱ्याकडून निघालेला बाण

सर,

सोमवार, १८ ऑगस्ट १९९७ रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तुम्ही माझा लाल बाण पुसलात. तक्रार लिहायची तर आधी दिवस, मग वेळ, मग कृत्य, आणि विशेषणं शेवटी, जागा उरली तर, असं आम्हाला शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं. तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली. तरी क्रम मी मोडणार नाही. क्रमावरूनच तर आपलं भांडण आहे.

तसा फांद्यांचा नकाशा काढायला मला तुम्हीच शिकवलंत, हे आधी नोंदवते, म्हणजे ते तुम्हाला सांगावं लागू नये. संस्थेत नवी असताना मी पाणलोटाच्या एका कामाचा आराखडा टाइप करून आणला होता, एकाखाली एक कलमं, सुबक. तुम्ही तो वाचलाही नाहीत. जेवायची वेळ झाली होती म्हणून घरी घेऊन गेलात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं पसरलंत आणि मधोमध एक गोल काढून त्यात ‘टेकडी’ असं लिहिलंत. काकू भाकरी थापत होत्या. टेकडी म्हटल्यावर पहिलं काय आठवतं, असं तुम्ही त्यांना विचारलंत. चढताना लागणारी धाप, त्या म्हणाल्या. तुम्ही अगदी गंभीरपणे एक फांदी काढून तिच्यावर ‘धाप’ लिहिलंत. मग पाणी, चर, रोपं, जनावरं, अशा फांद्या चारी बाजूंनी फुटत गेल्या. यादी केली की माणूस वरच्याला मान देतो, इथे पहिलं कुणी नाही आणि शेवटचंही कुणी नाही, असं तुमचं म्हणणं. मी वहीला समास आखणारी. मला ते सगळं गिचमिड वाटलं. निघताना तुम्ही मला स्केचपेनांचा डबा दिलात आणि बजावलंत की लाल रंग फक्त बाणासाठी. एक काम झाल्याशिवाय दुसरं सुरूच होऊ नये, अशा दोघांमध्येच लाल बाण काढायचा. उगाच काढलात तर पेन परत घेईन, म्हणालात.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात मी पारनेर तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात खाकी कागद पसरून बसले आहे. टेकडीवर चर खणायचे, रोपं लावायची, आणि रोपं जगावीत म्हणून तीन वर्षं तिथे जनावरं चरायला सोडायची नाहीत. चराईबंदी. ज्यांना जमीन आहे ते पटापट माना डोलावतात. मागे बसलेली एक बाई, जिला जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत, ती विचारते, टेकडी बंद केल्यावर माज्या शेळ्या काय मारुतीच्या पारावर चारायच्या का. सगळे हसतात. ती हसत नाही. मी ‘चारा’ अशी फांदी काढते, कागदाच्या डाव्या कोपऱ्यात वर, कारण तेवढीच जागा उरली आहे, आणि तिथून थेट चराईबंदीपर्यंत लाल बाण ओढते. आधी चाऱ्याची सोय, मग बंदी. ती पुढे येऊन बाणावर बोट ठेवते.

“ही रेघ पुसायची न्हाई ना, बाई?”

“नाही,” मी म्हणते.

त्याच वर्षी ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत प्रकल्पांचं नियोजन करणारं सॉफ्टवेअर. त्याला फांद्या कळत नव्हत्या, ओळी कळत होत्या: काम कोणतं, किती दिवसांचं, कशाच्या आधी, कशाच्या नंतर. मी नकाशा भिंतीला लावला आणि एकेक फांदी ओळीत उतरवली. कुठून तरी सुरुवात करायची म्हणून वर उजवीकडून धरलं आणि प्रदक्षिणा घालावी तशी फिरत गेले. त्यामुळे डाव्या कोपऱ्यातला चारा शेवटच्या ओळीत आला. मला त्याची फिकीर नव्हती. ओळ कुठेही असो, चारा आधी हे बाण सांगत होता, आणि पडद्यावर चाऱ्याची निळी पट्टी चराईबंदीच्या कितीतरी आधी, डावीकडे उभी होती.

तुम्हाला ते दिसायला आवडलं नाही. मंजुरी देणारे पाहुणे दुपारी मुंबईहून येणार होते. पट्ट्या विस्कटल्यासारख्या दिसतात, जिन्यासारख्या उतरायला हव्यात, असं म्हणत तुम्ही मला खुर्चीवरून उठवलंत. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळी कामं एकदम निवडलीत आणि जोडणीचं बटण दाबलंत, म्हणजे प्रत्येक काम त्याच्या वरच्या कामासाठी थांबणार. मशीन अडलं. पडद्यावर चौकट आली की ही कामं एकमेकांची वाट पाहत गोल फिरताहेत. फिरणारच. बंदी चाऱ्यासाठी थांबलेली होती, आणि आता चारा बंदीसाठी.

“सर, मशीन म्हणतंय तेच मी म्हणतेय.”

“मशीनला पाहुणे सांभाळायचे नसतात, बाई,” तुम्ही म्हणालात, आणि माझा बाण तेवढा निवडून काढून टाकलात.

जिना झाला. सुरेख झाला, हेही नोंदवते. त्याचे छापील कागद डिंकाने जोडून तुम्ही माझ्या नकाशावरच चिकटवलेत. संध्याकाळी मी लेखी हरकत दिली. ती तुम्ही पेपरवेटखाली ठेवलीत आणि लेखी उत्तर देतो म्हणालात.

पुढच्या पावसाळ्यात टेकडीवर रोपं लागली आणि बंदी आली. चाऱ्याची पाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. मी तुमच्याकडे दोनदा आले. मंजूर झालेला क्रम मध्येच बदलता येत नाही, हे तुम्ही मला दोन्ही वेळा सांगितलंत, दुसऱ्या वेळी चहा मागवून. दिवाळीच्या आधी त्या बाईने चारही शेळ्या बाजारात विकल्या आणि ती दुसऱ्यांच्या रानात कांदे लावायला जाऊ लागली. मला ती एसटीच्या थांब्यावर भेटली. तिने आवाज चढवला नाही.

“तुमी न्हाई म्हनला हुता, बाई.”

 

नंतर अकोल्याकडच्या गावात काम निघालं तेव्हा कागद तुम्ही स्वतः पसरलात. मधल्या गोलातून तुम्ही पहिली फांदी काढलीत ती चाऱ्याची, आणि कुणी काही विचारायच्या आत तिथून लाल बाण ओढलात. माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगं, ह्यांची माफी अशीच असते, माझं तर सगळं आयुष्य अशा माफ्यांवर निघालं. असेल. मी ते उत्तर मानत नाही. पारनेरच्या बाईला अकोल्यात उत्तर देता येत नाही.

हे आज लिहायचं कारण सांगते. आमच्या वाचनालयाची इमारत दुरुस्त करायची आहे आणि मी त्या समितीवर आहे. आता फांद्यांचा नकाशाही कॉम्प्युटरवरच काढतात, आणि एक बटण दाबलं की त्याचं वेळापत्रक होतं. आमच्या चिटणिसांनी परवा ते कौतुकाने दाबून दाखवलं. ते यंत्रही वर उजवीकडून निघालं आणि प्रदक्षिणा घालत गेलं. छपराची दुरुस्ती डावीकडे होती, ती शेवटी आली. पुस्तकं आधी कपाटात, छप्पर मग. मी म्हटलं, इथे बाण हवा. चिटणीस मला म्हणाले, काकू, ते नंतर बघू. मी बाण काढून होईपर्यंत खुर्चीवरून उठले नाही.

तेव्हा मागणी अशी. तो बाण कशासाठी होता हे आठवत असताना तुम्ही पुसलात, की पाहुण्यांच्या गडबडीत तुम्हाला आठवलंच नाही? एवढंच कळवा. उत्तर लेखी, सहीनिशी, येत्या ३० जूनला संध्याकाळी पाचच्या आत. ‘विसरलो’ असा एक शब्द लिहिलात तरी तो मी ग्राह्य धरीन. कुठे पाठवायचं ते ठाऊक नसल्यामुळे हे पत्र स्केचपेनांच्या डब्याखाली राहील, पण म्हणून मुदत बदलत नाही. वाढवून मागितलीत तर मात्र देईन. याआधीही दिली आहे.