प्रेमिलाच्या नावावरच्या वाघिणी

खापरखेडा,
रविवार, ९ ऑक्टोबर १९८८

प्रिय प्रेमिला,

सप्रेम जयभीम. तुझ्या कॉम्प्युटरचं इंग्रजी बी हे बटण मेलं. वीस महिन्यांनी लिहितो आहे आणि सुरुवात बटणापासून करतो, कारण दुसरीकडून कुठून करावी ते मला सुचत नाही. खापरखेड्याहून नागपूरला, तुझ्या लकडगंजला बस तासाभरात जाते आणि पत्राला तीन दिवस लागतात, हे मला माहीत आहे. तरी पत्रच लिहितो. समोर बसलो तर मी बोलणार नाही, आणि बोललो तर चुकीचं बोलेन.

जुने साहेब बदलीवर गेले तेव्हा तो काळा डबा तुला देऊन गेले होते. त्यांच्या मुलांना तू बीजगणित शिकवायचीस म्हणून. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डर जोडायचा, कॅसेट लावायची, आणि मग टेपचं ते किंचाळणं. कांताबाई भिंतीपलीकडून विचारायच्या, 'वहिनी, मांजर मारून राहिली काय पोरगी?' त्या डब्यावर तू आमच्या पॉवर हाउसचा खेळ बनवलास. रुळावरून कोळशाच्या वाघिणी येतात, त्या बॉयलरच्या बंकरपर्यंत न्यायच्या, बॉयलर विझू द्यायचा नाही. जितक्या वाघिणी उतरल्या तितक्या नावावर जमा. खेळ संपला की तारीख टाकायची आणि सगळं कॅसेटवर उतरवून ठेवायचं, म्हणजे उद्या तिथूनच पुढे. नावं पाचच मावतात. सहावा कोणी पुढे गेला की सर्वांत मागचं नाव गळतं. तू होतीस तोवर पहिलं नाव तुझं होतं, दुसरं माझं, इंग्रजी अक्षरांत बाबा. बाकी तीन कांताबाईंच्या दोन मुली आणि ड्यूटीवरचे गोपाळराव.

बी गेल्यावर मला माझं नावच टाकता येईना. मी डबा पिशवीत घालून नागपूरला बर्डीवर नेला. दुकानातल्या माणसाने तो उलटासुलटा केला. म्हणाला, 'काका, याचे पार्ट आता भेटत नाहीत. नवा घेऊन जा.' नवा घेतला. घरी आणून कॅसेट लावली तर नुसता कोरा पडदा. परत गेलो. तो हसला. 'याची कंपनीच वेगळी आहे जी. त्याची कॅसेट याले समजत नाही. जुन्यावर पाहून सगळं कागदावर उतरवा, आन् यात हातानं टाका.' मला त्यात अवघड काही वाटलं नाही. अठ्ठावीस वर्षं मी दर तासाला मीटर पाहून आकडे कागदावरच उतरवतो आहे.

आधी खेळ उतरवायचा होता. तुझी निळी वही ट्रंकेत होती. दोनशे अकरा ओळी. मी दोन बोटांनी टाकत होतो, रोज दहा-पंधरा ओळी, ड्यूटीवरून आल्यावर. काही ओळी या यंत्राला चालत नव्हत्या. त्या मी दुकानात वही नेऊन बदलून घेतल्या. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण रोज वाचलं की थोडं कळायला लागतं, जसं पॅनल कळतं. एकशे चाळिसाव्या ओळीशी मी थांबलो. नाव बाबा असेल तर वाघिणींचा वेग कमी, असं तिथं लिहिलं होतं. दोनदा वाचलं. दोन वर्षं मी कँटीनमध्ये सांगत होतो की पोरीच्या बरोबरीने खेळतो, डोळा अजून शाबूत आहे. गोपाळराव म्हणायचे, 'देवराव, तुमचं रिफ्लेक्स म्हणजे काय सांगू!' ती ओळ मी नव्या यंत्रातही जशीच्या तशी टाकली. गोपाळरावांना सांगितलेलं नाही.

मग नावांचा तक्ता उतरवायला घेतला; तू गेल्यापासून मी तो उघडून पाहिलाच नव्हता. लॉगशीटचा कोरा कागद, रकाने आखलेले. पहिलं नाव तुझं. तू गेलीस तेव्हा तुझ्या नावावर शहाण्णव वाघिणी होत्या, हे मला पाठ आहे. पडद्यावर तीनशे एकेचाळीस होत्या. प्रत्येक नावाखाली त्याच्या शेवटच्या पाच खेळांच्या तारखा असतात, ते तूच ठेवलं आहेस. पाचही तारखा या ऑगस्टमधल्या.

मी उठून दार लावलं. माझी पाळ्यांची डायरी काढली आणि तारखा ताडून पाहिल्या. पाचही दिवस माझी पहिली पाळी. सकाळी सात ते दुपारी तीन मी घरात नव्हतो.

तू जाताना मी काय बोललो ते तुला माझ्याकडून पुन्हा ऐकायला नको. पण इथं लिहिल्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी घरात असेपर्यंत या घरात पाय ठेवू नको, असं मी बोललो. वसंतशी तू नोंदणीने लग्न केलंस ते मला कँटीनमध्ये कळलं, हातात चहाचा पेला असताना. राग त्याचा होता असं मी सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. छप्पन साली मी एकोणीस वर्षांचा होतो. त्या दीक्षेच्या मैदानावर उभं राहून मी जे सोडलं, ते सोडलं असं मला वाटत होतं. त्या सवर्ण लोकांच्या घरात माझ्या मुलीला पाण्याचा पेला कसा देतील, हे मनात आलं, आणि त्या भीतीला मी राग म्हणालो. पुढे गोपाळरावांकडून कळलं की वसंतच्या आईने, यमुताईंनी, तुला पहिल्याच आठवड्यात घरात घेतलं. मला ते वीस महिन्यांत जमलं नाही.

तर तारखा पाहिल्यावर मला एकच अर्थ दिसला. माझी पोर शब्दाची पक्की आहे. मी घरात असताना नको म्हणालो, म्हणून ती मी नसताना येते. आईजवळ बसते, खेळते, तारीखही खरी टाकते, आणि तीनच्या आत निघून जाते. मला राग यायला हवा होता. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि दोन दिवस खिशातच ठेवून हिंडलो.

तुझ्या आईला मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं, किंवा खरं बोलावं लागलं असतं आणि मग तू यायची बंद झाली असतीस. तक्ता उतरवायचा राहिला आहे असं सांगून जुना डबा तसाच टीव्हीपाशी ठेवला. पहिल्या पाळीला मी साडेसहाला निघायचो, तो सहालाच निघायला लागलो. परत येताना कँटीनमध्ये चहा घेऊन चारला पोचायचो. गोपाळरावांच्या दोन पहिल्या पाळ्या मागून घेतल्या. ते म्हणाले, 'घरी भांडण झालं काय?' खुर्चीचा पाय हलत होता तो बसवून घेतला. भिवापूरला एकाच्या लग्नाला गेलो तिथून पाच किलो मिरची आणली आणि तुझ्या आईला म्हणालो, 'थोडी वेगळी बांधून ठेव. कोणाले द्यायची असन तं दे.' ती माझ्याकडे पाहतच राहिली. 'कोणाले देऊ?' म्हणाली, आणि सगळी एकदम कांडून आणली. मला वाटलं, काय बाई आहे, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. एकदा न राहवून विचारलं, 'आज कोणी आलं होतं काय?' ती म्हणाली, 'काहून विचारून राहिले तुम्ही? वसुलीवाला येणार होता काय?'

सप्टेंबरच्या शेवटी एक युनिट बंद झालं आणि आम्हाला साडेबारालाच मोकळं केलं. मी विचार न करता घरी आलो. फाटकाशी पोचलो तर आतून कॅसेटचं ते किंचाळणं ऐकू आलं. माझा हात कडीवर होता. तो मी काढून घेतला. माझ्याच बोलण्याने तुला माझ्यासमोर मागच्या दाराने पळावं लागेल, हे मला पाहायचं नव्हतं. मी तसाच वळलो, शाळेच्या मागच्या बाजूला कडुलिंबाखाली बसलो. सायकलवरून जाणारे ओळखीचे विचारत होते, 'काय देवराव, किल्ली हरवली काय?' मी हो म्हणत होतो. चार वाजेपर्यंत बसलो. ऊन होतं, भूक लागली होती. पण इतक्या आनंदात मी बरेच दिवस कुठे बसलो नव्हतो. घरी आल्यावर आधी मोरीत पाहिलं. कप एकच होता. दुसरा धुऊन ठेवला असेल, असं मी ठरवलं.

त्यानंतर चार दिवसांनी मला राहवलं नाही. माझ्या जागी एकाला उभं केलं आणि अकरा वाजता घरी आलो. तुला पकडायला नव्हे. मी फाटकापासूनच खोकायला लागलो, मोठ्याने, तीन-चार वेळा, म्हणजे तुला वाटलं तर तू जाऊ शकशील, आणि वाटलं तर थांबू शकशील. मग आत गेलो.

खुर्चीवर तुझी आई बसली होती. चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ दातांत धरलेली, दोन बोटं दोन बटणांवर. मान न वळवता म्हणाली, 'थांबा जी, माही गाडी मधात हाये.' मी आतल्या खोलीत पाहिलं. स्वयंपाकघरात पाहिलं. मागचं दार उघडून अंगणात पाहिलं. परत आलो तोवर तिचा बॉयलर विझला होता. 'काय शोधून राहिले?' तिने विचारलं. मी म्हणालो, 'काही नाही.' खिशातला कागद काढून तिच्यासमोर ठेवला. तिने तारखा वाचल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि चष्मा काढला. मिरची, खुर्ची, सहाला निघणं, हे सगळं तिला त्या एका क्षणात कळलं असावं. बोलली इतकंच, 'तुम्हाले वाटलं ते येते?'

मग तिने सांगितलं. तू गेल्यावर कांताबाईंच्या मुली दुपारी येऊन खेळायच्या. त्यांची मावसबहीण शाळेसाठी त्यांच्याकडे राहायला आली, तीही खेळायला लागली. नावं सहा झाली. आकडे वाढत गेले आणि तुझं नाव खाली खाली सरकत पाचव्या जागेवर आलं. आणखी दोन वाघिणींनी ते गळलं असतं. तुझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण तुझं नाव ती चित्रासारखं ओळखते. तू तिला एकदा खेळून दाखवलं होतंस तेवढ्यावर ती खेळायला बसली. पहिल्या दिवशी तीन वाघिणी. मी घरी असलो की टीव्ही माझा, दुसऱ्या पाळीला गेलो की मुलींचा, म्हणून माझ्या पहिल्या पाळीचेच दिवस तिच्या वाट्याला. कॅलेंडर पाहून तारीख टाकायची, तू लावलेल्या नखपॉलिशच्या खुणेवर टेपरेकॉर्डरच्या आवाजाचं चाक आणायचं, आणि उतरवून ठेवायचं. वर्षभरात तिने तुला पुन्हा पहिल्या जागेवर नेऊन बसवलं. मी विचारलं, स्वतःचं नाव काहून नाही टाकलं? म्हणाली, 'मले काय करायचं नाव टाकून? मी तं घरीच हावो.' मी तिला तुझ्याकडे जायला कधी मनाई केली नव्हती, हेही मी तेव्हा बोलून दाखवलं. ती म्हणाली, 'पोरीले माहेरी येता येत नाही, तं मी तिच्या घरी काय तोंड घेऊन जाऊ?' ती उठून भात टाकायला गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता नव्या यंत्रात तक्ता टाकायचा आहे आणि मी अडलो आहे. एकाचं रीडिंग दुसऱ्याच्या नावावर टाकणं आमच्याकडे मोठा गुन्हा आहे. शहाण्णव तुझ्या, बाकीच्या तुझ्या आईच्या, हा खरा हिशेब. पण तसं टाकलं तर तुझं नाव पहिल्याच दिवशी गळतं. तुझी आई म्हणते, 'टाका न तसंच, कोण पाहते?' तू सांगशील तसं टाकेन. तोवर कागद टीव्हीवर ठेवला आहे.

पण एवढ्यासाठी मी लिहिलं नसतं. सव्वा महिना मला वाटत होतं की तू या घरात येऊन जातेस, आणि तो सव्वा महिना मी रोज ड्यूटीवर सुखाने गेलो. ती तू नव्हतीस हे कळल्यावर मला समजलं की मी काय करून ठेवलं आहे. आमच्या लॉगबुकात चुकीची नोंद खोडून काढत नाहीत. तिच्यावर एकच आडवी रेघ मारतात, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करतात. मी बोललो ते बोललो, ते तुलाही वाचता येईल आणि मलाही. त्यावर मी आज रेघ मारली आहे. दसरा आणि दिवाळीच्या मधले दोन आठवडे माझी पहिली पाळी आहे. वसंतला घेऊन ये. यमुताईंना यायचं असेल तर त्यांनाही आण, मी त्यांच्याशी नीट बोलेन. मी तीनला सुटतो आणि सव्वातीनला घरी असतो, कँटीनमध्ये थांबणार नाही. तीनच्या आधी येऊ नका.

तुझाच,
बाबा