कोमेरची इंग्रजी नातलग मंडळी

१८ ऑगस्ट
चाळीच्या गणपतीत यंदा माझं व्याख्यान झालंच पाहिजे. विषय पक्का: स्पॅनिश क्रियापद 'कोमेर', म्हणजे जेवणे, आणि त्याची इंग्रजी नातलग मंडळी. मंडळाचा अध्यक्ष राजेश दरवर्षी 'बघू काका' म्हणून कटवतो. गेंडा!

१९ ऑगस्ट
शेजारची जसिंता घरी स्पॅनिश शिकवते. तिला सहज विचारलं. कोमेर लॅटिन 'कोमेदेरे'वरून आलं म्हणे. त्यातलं 'एदेरे' म्हणजे खाणे. एडिबल त्यातलंच, ओबीससुद्धा! मला माहीत होतंच, फक्त आठवत नव्हतं. व्याख्यानात 'ओबीस' हा शब्द राजेशच्या पोटाकडे बघत उच्चारायचा.

२१ ऑगस्ट
जसिंताशी वाजलं. 'कोम' म्हणजे सोबत, म्हणून कोमेर म्हणजे पंगतीत जेवणे, हा माझा सिद्धान्त. ती म्हणते, नाय अंकल, इथे नुसता जोर आहे, खाऊन फस्त करणे. डिग्रीने अक्कल येत नाही. यापुढे तिचं तोंड बघणार नाही.

२२ ऑगस्ट
जसिंताकडे गेलो. उच्चार विचारायचे होते.

२६ ऑगस्ट
राजेश स्वतः दारात! सत्यनारायणाच्या दिवशी, जेवणाआधी बोला म्हणाला. वेळेचं बंधन नाही. टरकला लेकाचा. आमची कालिंदी तोंडाला पदर लावून हसत होती. बायकोला संशोधनाची कदर नसणारच.

३० ऑगस्ट
मंडप तुडुंब. 'ओबीस'वर येणार, तोच राजेशने माइक हिसकावून पानं वाढल्याचं जाहीर केलं. मंडप रिकामा. सर्वांत आधी कालिंदी उठली. मी माइकशिवाय बोलत राहिलो. समोर एकटी जसिंता. शेवटी तीही जेवायला चला म्हणाली. त्या गेंड्याच्या पंगतीत मी? बाणेदारपणे नकार दिला.
नंतर सहज चक्कर टाकली. पातेली घासायला गेली होती.

३१ ऑगस्ट
कालिंदीने आज सांगून टाकलं. भाताला दरवर्षी उशीर होतो, लोक कावतात, म्हणून राजेशने तिला आधीच विचारलं होतं, काका किती वेळ बोलतील? ती म्हणाली होती, कोणी थांबवेपर्यंत.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
संध्याकाळी राजेश हजर. यंदा भात छान मोकळा झाला, पुढच्या वर्षीही बोलाल का, म्हणाला. त्याला चांगला झापायचा ठरवून उठलो आणि विषय कोणता घेऊ, असं विचारलं.
कुठलाही चालेल, म्हणाला.